लेसॉर-लेसी, मॉर्गेजर-मॉर्गेजी हे डिक्शनरीत शेजारी येणारे शब्द कसे लक्षात ठेवायचे? ए पासून यादी पाठ करू का?

नका करू. क्लार्कच्या परीक्षेसाठी ए पासून यादी घोकताय आणि या जोड्या रोज उलटसुलट होतात असं लिहिलंय तुम्ही. होणारच की! सुरुवात सारखी, फरक फक्त शेपटीत, आणि दोन्ही एकाच दिवशी एकाखाली एक पाठ केले तर कुणाचाही घोळ होईल.

मी दस्त लिहितो. मराठी दस्तात 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' असतं, तेवढं पकडा. शेवटी ओ आर असेल तो देणारा, डबल ई असेल तो घेणारा. म्हणजे जागा भाडेपट्ट्याने देणारा लेसॉर, घेणारा लेसी. मॉर्गेजमध्ये मात्र लोक हमखास गंडतात, कर्ज बँक देते म्हणून बँकच मॉर्गेजर वाटते. पण तिथे कर्ज बघायचंच नाही, गहाण बघायचं. घर गहाण देणारा कर्जदार मॉर्गेजर, ते घेणारी बँक मॉर्गेजी. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 58 मूळ इंग्रजीत वाचा, लेसॉर-लेसीसाठी 105.

हा फरक नुसता मार्कांपुरता नाही हो. मागे एक नर्सताई भाड्याच्या फ्लॅटचं लिव्ह अँड लायसन्स घेऊन आल्या, एजंटने कुठूनतरी कॉपी मारलेला ड्राफ्ट, अंगठा द्यायच्या आधी फक्त एकदा बघा म्हणाल्या. डिपॉझिटच्या कलमात छापलं होतं, 'द लायसन्सी शॅल रिफंड द डिपॉझिट'. म्हणजे पैसे भरायचे ताईंनी आणि परतही करायचे ताईंनीच! एजंट म्हणतो, स्पेलिंग मिस्टेक आहे, कोण बघतंय. मी म्हटलं भांडण झालं की सगळे हेच बघतात, आणि ताईंना तिथेच सांगितलं की दुरुस्त होईपर्यंत अंगठा लावायचा नाही. तो बडबडत गेला पण नवीन प्रिंट घेऊन आला. पुढच्याच पानावर नोंदणीची जबाबदारीसुद्धा लायसन्सीवर टाकलेली, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे ती घरमालकाची असते, म्हणजे लायसन्सरची. तेही बदलून घेतलं. मला त्या दिवसाचा अजून अभिमान वाटतो.

आमचे थोरले मामा हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले, त्यांचं एकच पालुपद, पाठांतराशिवाय इंग्रजी येत नाही. आम्हा सगळ्या भाच्यांना रोज डिक्शनरीचं एक पान. माझी मावसबहीण त्या पानांपायी इंग्रजीला इतकी धसकली की बारावीनंतर शिकलीच नाही, आणि मामा अजूनही म्हणतात तिच्यात चिकाटी नव्हती. चिकाटी भरपूर होती मामा, पद्धत चुकीची होती. त्यापेक्षा घरातला एखादा जुना भाडेकरार हातात दिला असता तर आठवड्यात सगळे शब्द आले असते तिला.

तुम्हीही तेच करा, एक खरा करार घ्या आणि प्रत्येक ओळीत कोण देतंय, कोण घेतंय त्याखाली पेन्सिलने रेघ मारा.

हां, हा नियम दस्तातल्या जोड्यांपुरता. अटेंडी, ॲब्सेंटी यांना लावू नका, तिथे कुणी काही घेत नाही. आणि सिलॅबसमध्ये यादीच दिली असेल तर जोडीतला एक शब्द आज करा, दुसऱ्याला पहिला पक्का होईपर्यंत हात लावू नका.