"आता तर तो बरा झालाय," असं घरचे म्हणतात

प्रश्न : ताई, पावसाळ्यात माझा नवरा दोन महिने अंथरुणातून उठत नव्हता. फॅमिली डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या. गणपतीपासून मात्र पार बदललाय. रात्री जेमतेम तीन तास झोपतो, अखंड बोलतो, हप्त्यावर दोन फोन आणले, नोकरी सोडून हॉटेल काढणार म्हणतो. सासूबाई खूश आहेत. मलाच का भीती वाटतेय?
– धाकटी सून, सांगली

उत्तर : तुझी भीती रास्त आहे गं. मुलगा उठून बसला, हसायला लागला, याचा सासूबाईंना आनंद होणारच. पण तीन तासांच्या झोपेवर दिवसभर ताजातवाना, हे मला खटकतं. झोप न लागलेला माणूस दुसऱ्या दिवशी जांभया देतो. याला झोपेची गरजच वाटत नाहीये. त्यात उधळपट्टी, न थांबणारं बोलणं, मोठमोठे बेत. असं आठवडाभर टिकलं तर डॉक्टरांच्या मनात मेनियाची, म्हणजे मनाला आलेल्या आजारी चढाची शंका येते. आधी नैराश्य आणि मग हे, म्हणजे बायपोलर, मनाचे असे टोकाचे चढ-उतार होणारा आजार, असू शकतो. आहेच, हे पत्रावरून मी सांगणार नाही. ते मनोविकारतज्ज्ञच ठरवतील.

अडचण अशी, की या आजारात माणूस दवाखान्यात जातो तो खचलेला असताना. चढ आला की त्याला स्वतःला झकास वाटत असतं, तक्रार कोण करणार? मग डॉक्टरांना निम्मीच गोष्ट कळते आणि नुसत्या नैराश्याच्या गोळ्या सुरू होतात. बायपोलर असेल तर त्या गोळ्यांनीच कधीकधी चढ वाढतो. म्हणून आजच डॉक्टरांना फोन कर आणि हा बदल कानावर घाल. गोळी तुझ्या मनाने बंद करू नकोस. तज्ज्ञांकडे जाताना तूही आत जा. झोप कधीपासून कमी झाली, खर्च किती झाला, पूर्वी कॉलेजात असं काही झालं होतं का, घराण्यात कुणाला होतं का, हे तारखांसकट लिहून ने. "बाहेरचं काहीतरी आहे" म्हणणारे भेटतील. त्यांच्याशी वाद घालण्यात दिवस घालवू नकोस.

त्याच्याशीही हॉटेलवरून भांडू नकोस, या दिवसांत तो ऐकणार नाही. राजीनामा आणि कर्ज मात्र दिरांना मध्ये घालून लांबणीवर टाक. तो मरणाची भाषा बोलला, भलतेच भास होऊ लागले किंवा हिंसक झाला, तर थेट रुग्णालय गाठा. १४४१६ या टेलिमानस हेल्पलाइनवर रात्रीही मराठीत बोलता येतं.

पुढे लिथियम, म्हणजे हे चढ-उतार आवरणारं औषध सुरू झालं, तर घाबरू नकोस. १९४९ पासून माहीत असलेलं औषध आहे. रक्ततपासणी मात्र चुकवायची नाही, आणि अंगदुखीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही. शरीरातलं पाणी-मीठ कमी झालं की लिथियम रक्तात वाढतं, तेव्हा निर्जळी उपास त्याला नको. हे सासूबाईंना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकव, तुझं त्या ऐकायच्या नाहीत.