प्रश्नोत्तरे: पत्रिकेची फाईल, फोनचे कान आणि फुगलेली बॅटरी

प्रश्न : नात्यातल्या एकाच्या नंबरवरून वॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. दाबली, दोन-तीनदा ‘ओके’ म्हटलं, पण पत्रिका काही उघडली नाही. फाईलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ लिहिलं होतं. आता काय करू?

पत्रिका फोटो असते, पीडीएफ असते, फार तर व्हिडिओ असतो. एपीके म्हणजे अँड्रॉइडचं अख्खं ॲप. नंबर ओळखीचा होता यावर जाऊ नका. त्यांच्या फोनात हे आधी शिरलं आणि तिथून यादीतल्या सगळ्यांना आमंत्रण गेलं. त्या बिचाऱ्यांना पत्ताही नसेल.

फाईल नुसती डाउनलोड झाली असती तर पुसून टाकली की विषय संपला असता, कारण ती आपोआप चालू होत नाही. पण बसवताना फोन आधी विचारतो की वॉट्सॲपवरून आलेलं ॲप बसवू देऊ का, आणि मग ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. तुमचे दोन-तीन ‘ओके’ बहुधा तेच. आयकॉन दिसत नाही म्हणजे ॲप नाही असं समजू नका, ही ॲप्स आयकॉन लपवतात. त्यांचं काम एकच : बँकेचा ओटीपी तुम्ही वाचायच्या आत दुसऱ्याकडे पोचवणं.

एअरप्लेन मोड लावा आणि वाय-फाय वेगळं बंद करा. बऱ्याच फोनांत एअरप्लेन मोडमध्येही ते चालू राहतं. सिम काढून साध्या बटणांच्या फोनात घाला, म्हणजे पुढचे ओटीपी तुमच्याच हातात राहतील. त्याच फोनवरून बँकेला फोन करून यूपीआय, नेटबँकिंग आणि कार्ड थांबवायला सांगा. बँकेचा नंबर कार्डाच्या मागचा घ्या, गुगलवर शोधलेला नको. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. इथे मिनिटं मोजायची असतात. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळतो आणि तो एखाद्या खात्यात असतानाच गोठवता येतो.

मग सावकाश साफसफाई. सेटिंग्जमध्ये ॲप्सची पूर्ण यादी उघडा आणि बिननावाचं, कोऱ्या आयकॉनचं किंवा त्याच दिवशी आलेलं ॲप शोधा. ‘अनइन्स्टॉल’चं बटण फिकट असेल तर त्या ॲपने ‘डिव्हाइस ॲडमिन’चा, म्हणजे फोनवर हुकूम चालवायचा, हक्क घेतलेला असतो. तो आधी काढा, ‘ॲक्सेसिबिलिटी’तूनही त्याला बाहेर करा आणि मग ॲप उडवा. ते स्क्रीन मागे ढकलून तुम्हाला पोचूच देत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये चालू करा. तिथे बाहेरून बसवलेली ॲप्स चालत नाहीत. एवढं करूनही आमचा सल्ला फॅक्टरी रीसेटचाच, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करण्याचाच आहे. फोटो आणि नंबर वाचवा, ॲप्स मात्र जुन्या बॅकअपमधून न आणता प्ले स्टोअरवरून नव्याने घ्या. पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला, आणि ज्यांच्याकडून पत्रिका आली त्यांनाही फोन करून सांगा.

प्रश्न : कुरिअरवाल्याने सांगितलं म्हणून फोनवर एक कोड डायल केला. ओटीपी कुणालाही दिला नाही, तरी वॉट्सॲप दुसऱ्याच्या ताब्यात गेलं. कसं?

तो कोड *४०१* किंवा २१* ने सुरू होऊन पुढे दहा आकडी मोबाइल नंबर होता ना? त्याने तुमचे सगळे कॉल त्या नंबरकडे वळवले. वॉट्सॲपचा ओटीपी कॉल करूनही ऐकवता येतो. तो कॉल तुमच्याऐवजी भामट्याने घेतला. ओटीपी तुम्ही दिला नाहीत हे खरं, पण तुमची घंटाच त्याच्या घरी वाजत होती.

*#२१# डायल केलं की कॉल वळवलेत का ते कळतं. ##००२# ने वळवलेलं सगळं रद्द होतं. जिओवर *४१३ लावा. हे आधी, वॉट्सॲप नंतर. ॲप काढून पुन्हा बसवा आणि एसएमएसने आलेला ओटीपी घाला, समोरचा आपोआप बाहेर पडेल. त्याने दोन टप्प्यांचा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला सात दिवस थांबावं लागेल, पण तेवढे दिवस तोही आत नसतो. परत मिळालं की सहा आकडी पिन स्वतः लावा.

प्रश्न : आम्ही घरात ताडपत्रीबद्दल बोललो आणि संध्याकाळी ताडपत्रीचीच जाहिरात. फोन आमचं बोलणं ऐकतो का?

एखादं खोडसाळ ॲप माइक चोरून वापरू शकतं. सर्रास मात्र तसं चालत असल्याचं आढळलेलं नाही. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी १७ हजारांवर अँड्रॉइड ॲप्स तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. गुपचूप आवाज टिपून पाठवणारं एकही सापडलं नाही, पण स्क्रीनची चित्रं काढून बाहेर पाठवणारी काही सापडली. आमच्या मते खरी काळजीची गोष्ट ही दुसरी आहे, आणि चर्चा होते ती पहिलीची.

मग ताडपत्री आली कुठून? मेअखेरीस तुमच्या भागातल्या हजारो लोकांनी ती शोधलेली असते. त्याच वाय-फायवरून घरातल्या कुणीतरी शोधलेली असते. शिवाय ती जाहिरात आठवडाभर समोर असूनही नजरेत भरली नसेल. बोलणं झालं आणि डोळ्यांनी ती पकडली. नवी स्कूटर घेतली की रस्त्यावर सगळीकडे तीच स्कूटर दिसते, तसंच. अर्नल्ड झ्विकी या भाषाशास्त्रज्ञाने २००५ मध्ये याला ‘फ्रीक्वेन्सी इल्यूजन’ असं नाव दिलं.

पडताळून पाहायचं असेल तर कधीच न शोधलेल्या दोन वस्तू चिठ्ठीवर लिहा, समजा घोड्याचं खोगीर आणि मधमाश्यांची पेटी. नाणं उडवून त्यातली एक निवडा. आठवडाभर फोनसमोर तिच्याबद्दल मोठ्याने बोला, दुसरीचं नावही काढू नका. दोन्हींच्या जाहिराती मोजा, कागदावर. आठवणीवर मोजाल तर बोललेली वस्तूच जिंकणार. अँड्रॉइड १२ आणि आयओएस १४ पासून माइक चालू असला की स्क्रीनच्या वरच्या कडेला हिरवी किंवा नारिंगी खूण दिसते, तिच्याकडेही लक्ष असू द्या.

प्रश्न : ऑफिसात दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलावा लागतो. मी शेवटचा आकडा एकाने वाढवतो. चालेल का?

सगळे तेच करतात, आणि चोरांना ते ठाऊक आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की जुना पासवर्ड हाती असेल तर ४१ टक्के वेळा नवा काही सेकंदांत ओळखता येतो. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं की फुटल्याचा पुरावा असेल तरच पासवर्ड बदलायला लावा. तुमच्या आयटीवाल्यांना हे जरूर दाखवा. ऐकतील असा भरवसा मात्र देत नाही.

तोवर लांबी वाढवा. Shivaji@1630 च्या धर्तीचे, म्हणजे दैवत किंवा महापुरुष, मग @, मग साल, असे पासवर्ड ओळखणाऱ्याच्या यादीत पहिल्या पानावर असतात. म्हणीही नकोत. ‘अतिशहाणा त्याचा बैल रिकामा’ तुम्हाला आठवली तशी त्यालाही आठवते. शब्दकोश डोळे मिटून पाच ठिकाणी उघडा आणि बोट पडेल तो शब्द रोमन लिपीत घ्या. ७,७७६ शब्दांच्या यादीतून फाशाने पाच शब्द उचलले तर सुमारे २८ अब्ज अब्ज जोड्या होतात. शब्द स्वतःच्या मनाने निवडलेत तर हे गणित कोसळतं. एवढं लांब लक्षात राहत नसेल तर घरच्या वहीत लिहून ठेवा. परदेशातला चोर तुमच्या कपाटापर्यंत येत नाही.

प्रश्न : ब्राउझरच्या इन्कॉग्निटो, म्हणजे खासगी खिडकीत पाहिलेलं ऑफिसला कळतं का?

ऑफिसच्या नेटवर असाल तर कोणती साइट उघडली हे कळू शकतं. इन्कॉग्निटो फक्त तुमच्या ब्राउझरमधला इतिहास आणि कुकीज मागे ठेवत नाही, बाकी काही लपवत नाही.

प्रश्न : वडील निवृत्त अधिकारी, हुशार माणूस. तरी ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ असं सांगणाऱ्या तोतया पोलिसांसमोर दोन दिवस व्हिडिओ कॉलवर बसून राहिले. असं कसं होतं?

हुशारीचा इथे संबंध कमी. आयुष्यभर नियम पाळणाऱ्यालाच वरिष्ठांच्या आवाजाची जरब जास्त वाटते. स्टॅनली मिलग्रॅम यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला येल विद्यापीठात केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. समोरच्याला विजेचे झटके द्या असं सांगितल्यावर ६५ टक्के लोक शेवटच्या, ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते माहीत नव्हतं. त्यातली एक फेरी कमी सांगितली जाते : हुकूम देणारा खोलीबाहेर जाऊन फोनवरून बोलू लागला तेव्हा हे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांवर आलं. भामट्यांना व्हिडिओ, गणवेश आणि मागे लावलेली अशोकस्तंभाची पाटी का लागते, ते यावरून कळतं. नुसत्या आवाजाने निम्मंही काम होत नाही.

दुसरं हत्यार म्हणजे एकटेपण. ‘कॅमेरा बंद करायचा नाही, घरी सांगितलंत तर त्यांनाही अटक.’ व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही, आणि चौकशीसाठी पैसे ‘तपासणी खात्यात’ भरायला कोणतीही यंत्रणा सांगत नाही. पण घाबरलेल्या माणसाला कायदा आठवत नाही. त्याच्यासाठी एकच सोपी खूण घरात ठरवून ठेवा : जो फोन घरच्यांना सांगू नका म्हणतो, तो ठेवायचा. मग पोलिसांचा ११२ नंबर स्वतःच्या हाताने लावून विचारायचं.

बँकेत जाऊन ऑनलाइन व्यवहाराची रोजची मर्यादा कमी करून घ्या आणि मोठी एफडी ऑनलाइन मोडता येणार नाही अशी सोय आहे का विचारा. शाखेत जायला लागणारा अर्धा तास पुष्कळांना वाचवतो. आणि वडिलांना ‘तुम्हाला कळलं कसं नाही’ हे वाक्य ऐकवू नका. लाजेने माणूस तक्रार पुढे ढकलतो, आणि तेवढ्यात पैसा चार खाती ओलांडतो.

प्रश्न : फोनची मागची बाजू फुगून स्क्रीन वर आली आहे. चालतोय व्यवस्थित. वापरू का?

नाही. फोन बंद करा, पुन्हा चार्जिंगला लावू नका. लिथियम बॅटरीतला द्रव विघटित होऊन आत वायू साठला आहे. दाबून बसवायला गेलात किंवा टोचलंत तर आतले थर एकमेकांना टेकून आग लागू शकते. सर्व्हिस सेंटरला नेईपर्यंत फोन फरशीवर, पडदे आणि गादीपासून लांब ठेवा. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

रात्रभर चार्जिंगला फुकट दोष दिला जातो, फोन पूर्ण भरला की विद्युतप्रवाह थांबवतो. मारते ती उष्णता : उशीखाली चार्जिंग, किंवा नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला फोन. पूर्ण भरलेली बॅटरी तापली तर आणखी लवकर झिजते, म्हणून सेटिंग्जमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असेल तर चालू करा. तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं. कव्हर काढून पंख्याखाली ठेवलात की पुरे.