पॉट्सचा उपप्रकार: बसवून घेतलेल्या नॉरएपिनेफ्रिनवर जाऊ नका

तुमच्या पोस्टमध्ये तुम्ही लिहिलंय की आडवं असताना नाडी 76, उभं राहिल्यावर 118, रक्तातलं नॉरएपिनेफ्रिन (ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक) 680, म्हणून डॉक्टरांनी ‘हायपरॲड्रेनर्जिक पॉट्स’ ठरवून क्लोनिडिन (बीपी उतरवणारी गोळी) सुरू केलं. पॉट्स म्हणजे उभं राहिल्यावर नाडी फार वाढण्याचा आजार, आणि हायपरॲड्रेनर्जिक हा त्यातला नॉरएपिनेफ्रिन जास्त असणारा उपप्रकार. आणि रक्त खुर्चीत बसवून घेतलं! माझ्या रिपोर्टची एका लॅबने हीच गत केली होती, म्हणून लिहितेय. उभं राहिल्यावर दहा मिनिटांत नाडी तीस ठोक्यांनी वाढणं वगैरे पॉट्सचे निकष तुम्हाला पाठ असणारच.

तो 680 बाजूला ठेवा. दर मिलिलिटरला 600 पिकोग्रॅमची सीमा उभ्याने घेतलेल्या नमुन्यासाठी आहे. बसून घेतलेलं रक्त ना आडव्यातलं, ना उभ्यातलं. वर सुई टोचल्याच्या कळेनेही आकडा चढतो. नीट करायचं तर सकाळी आधी इंट्राकॅथ (शिरेत ठेवायची नळी) लावून घ्यायची, 20-30 मिनिटं शांत झोपायचं, तिच्यातूनच पहिला नमुना. मग उभं राहून 10-15 मिनिटांनी दुसरा. नळ्या लगेच बर्फात आणि थंड सेंट्रिफ्यूजमध्ये (रक्त फिरवून प्लाझ्मा वेगळा करणारं यंत्र). कलेक्शन सेंटरमधून नमुना दुपारच्या गाडीने जाणार असेल तर पैसे पाण्यात. चिठ्ठीवर ‘प्लाझ्मा कॅटेकोलामाइन्स’ (नॉरएपिनेफ्रिन याच तपासणीत येतं) लिहिलंय ना, तेही बघा. मेटानेफ्रिन्स ही वेगळी तपासणी आहे. चहा-कॉफी, तंबाखू, सर्दीच्या गोळ्या, ड्युलोक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन (नैराश्यावरची औषधं) यांनी आकडा बिघडतो. क्लोनिडिनने तो खाली येतो. पण क्लोनिडिन किंवा बीटा ब्लॉकर मनाने एकदम बंद करू नका, बीपी किंवा नाडी उसळते. डॉक्टरांना विचारूनच.

दुसरं, बीपी. नुसती नाडी मोजून उपप्रकार कळत नाही. भिंतीला पाठ टेकून, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवून दहा मिनिटं उभं राहा आणि दर मिनिटाला दोन्ही लिहा. सोबत कोणीतरी हवंच. वरचं बीपी 10 किंवा जास्त चढून टिकलं तर हायपरॲड्रेनर्जिकच्या शंकेला वजन येतं. तुमच्या पोस्टमध्ये बीपीचा एकही आकडा नाही, आणि मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. शरीरातलं रक्ताचं एकूण प्रमाणच कमी असेल, तर क्लोनिडिनने बीपी आणखी पडून गरगरणं वाढू शकतं.

रक्ताचं प्रमाण कमी आहे का, याचा अंदाज घ्यायची स्वस्त चाचणी म्हणजे 24 तासांच्या लघवीतलं सोडियम. सकाळची पहिली लघवी टाकून द्या, दुसऱ्या दिवशीची पहिली धरा. क्रिएटिनिनही करून घ्या, म्हणजे गोळा करताना काही सुटलं का ते कळतं. सोडियम 100 मिलिमोलच्या खाली, म्हणजे जेमतेम सहा ग्रॅम मीठ, आलं तर आधी मीठ-पाण्याकडे बघायला हवं. बीपी चढत असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र मीठ वाढवू नका.

न्यूरोपॅथिक, म्हणजे बारीक नसा बिघडल्याने होणाऱ्या उपप्रकारासाठी घामाची क्यूसार्ट चाचणी किंवा त्वचेची बायोप्सी लागते. आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी होते. तळपायांची आग, पावलांना घाम न येणं हे डॉक्टरांना आपणहून सांगा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी12, टीएसएच (थायरॉइड) झाल्याशिवाय महागड्या पॅनेलवर पैसे घालू नयेत, असं माझं ठाम मत आहे. शाकाहारी असाल तर बी12 आधी.

मी डॉक्टर नाही. एकाच माणसात दोन उपप्रकार सापडतात, तेव्हा रिपोर्टवरच्या एका शब्दावर गोळी ठरू देऊ नका. पुढच्या भेटीला दहा मिनिटांचा नाडी-बीपीचा तक्ता घेऊन जा आणि रक्त बसून घेतलं होतं हे स्पष्ट सांगा.