वाचकांचे प्रश्न: रेल्वे संग्रहालयातील हंगामपूर्व कामाविषयी

प्रश्न: माझे वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातून बॉयलरमेकर (बॉयलर बांधणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर) म्हणून निवृत्त झाले. आई गेल्यानंतर ते आमच्याकडे, शिकागोजवळ, कायमचे राहायला आले आहेत. इथल्या हिवाळ्यात ते घरात अगदी कोंडून जातात. मागच्या उन्हाळ्यात आम्ही त्यांना युनियन या गावातील इलिनॉय रेल्वे संग्रहालयात नेले होते, तेव्हा ते तासभर एकाच वाफेच्या इंजिनापाशी उभे होते. अशा संग्रहालयांत हंगाम सुरू होण्याआधी स्वयंसेवक काम करतात असे ऐकले. हे काम म्हणजे झाडलोट आणि रंगरंगोटीच असते का? पंचाहत्तरी गाठलेल्या आणि जेमतेम इंग्रजी बोलणाऱ्या माणसाचा तिथे काही उपयोग होईल का?
— एक वाचक, नेपरव्हिल

उत्तर: वडिलांना जरूर न्या, आणि केवळ त्यांचा वेळ जावा म्हणून नेऊ नका. वाफेच्या बॉयलरवर प्रत्यक्ष हात चालवलेली माणसे आता कुठल्याही देशात मोजकीच उरली आहेत, आणि त्यांपैकी एक तुमच्या घरात खिडकीशी बसून आहे, हे वाचून मला राहवले नाही.

तुम्ही पाहिलेले संग्रहालय मुळात हौशी माणसांनीच उभे केले. १९५३ साली दहा जणांनी प्रत्येकी १०० डॉलर काढून भंगारात जाणारा विजेवर चालणारा एक जुना डबा विकत घेतला, तिथून त्याची सुरुवात झाली. १९६४ मध्ये तो सगळा पसारा युनियनला हलवला गेला. तुमचे वडील ज्या इंजिनापाशी थांबले ते १६३० क्रमांकाचे असेल, तर त्यांच्या नजरेला त्याची चाके खटकली असणार. ते इंजिन १९१८ मध्ये बाल्डविन कंपनीने रशियासाठी बांधले होते. रशियात क्रांती झाली, इंजिन अमेरिकेतच राहिले, आणि रशियाच्या पाच फुटी गेजसाठी (दोन रुळांमधील अंतरासाठी) केलेली चाके इथल्या चार फूट साडेआठ इंचांच्या रुळांवर चालावीत म्हणून त्यांना जादा रुंदीचे टायर चढवावे लागले.

आता मूळ प्रश्न. झाडलोट आणि रंग ही कामे असतातच, परंतु हंगामापूर्वीच्या तयारीचा गाभा तपासणीत असतो. मी गेली काही वर्षे दर मार्च महिन्यात एका लहान संग्रहालयात या कामासाठी जातो. शरद ऋतूत गाड्या थांबल्या की बॉयलर, नळ्या आणि पंप यांतील पाण्याचा थेंब न् थेंब काढून टाकावा लागतो, कारण साठलेल्या पाण्याचा बर्फ झाला की तो फुगतो आणि बिडाचा भाग सरळ तडकतो. एका वर्षी आमच्याच हातून एका पंपाच्या तळाशी थोडे पाणी राहिले आणि वसंतात त्याचे कवच उभे चिरलेले सापडले; तो भाग नव्याने ओतून घेईपर्यंत निम्मा हंगाम सरला. तेव्हापासून पाणी कोणी काढले आणि कोणी पुन्हा पाहिले, या दोघांच्या सह्या आम्ही वहीत घेतो.

मार्चमध्ये वॉशआउट प्लग, म्हणजे बॉयलर धुण्यासाठी ठेवलेल्या भोकांची बुचे, उघडून फायरबॉक्सभोवतीच्या (विस्तव पेटतो त्या कप्प्याभोवतीच्या) कोपऱ्यांत बसलेला गाळ आणि क्षार पाण्याच्या जोरदार धारेने बाहेर काढतात. त्यानंतर स्टेबोल्टांची पाळी येते. फायरबॉक्सचा आतला पत्रा आणि बाहेरचा पत्रा यांच्यामधील जागेत पाणी असते, आणि हे दोन पत्रे एकमेकांपासून ढळू नयेत म्हणून शेकडो स्टेबोल्टांनी ते जखडलेले असतात. फायरबॉक्सच्या दारातून आत शिरून, गुडघ्यांवर बसून, एकेका बोल्टवर हलकी हातोडी मारायची आणि आवाज ऐकायचा: शाबूत बोल्ट टणत्कार देतो, तुटलेला बद्द वाजतो. आखूड बोल्टांना बाहेरच्या टोकाकडून बारीक भोक पाडलेले असते, म्हणजे बोल्ट आत तडकला की त्या भोकातून पाणी पाझरून दोष आपोआप कळतो. म्हणून ही भोके रंगाने किंवा काजळीने बुजलेली नाहीत ना, हेही पाहावे लागते. हा आवाज पुस्तकातून शिकता येत नाही. तो वडिलांच्या कानात आहे.

शेवटी बॉयलर कोमट पाण्याने काठोकाठ भरून, वाफेच्या परवानगीतील कमाल दाबाच्या सव्वापट दाब देतात. वाफेऐवजी पाणी वापरण्याचे कारण असे, की पाणी फारसे दाबले जात नाही, त्यामुळे एखादा जोड सुटलाच तर दाब तत्काळ ओसरतो. वाफ असती तर तिथे स्फोट झाला असता. ही काटेकोर शिस्त अनुभवातून आलेली आहे. १९९५ साली पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्गजवळ पर्यटकांच्या गाडीचे इंजिन पाणी कमी पडल्यामुळे फायरबॉक्सच्या छताशी फुटले आणि इंजिनावरील तिघे भाजले. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेकडे जाणारी वाट क्षारांनी अंशतः बुजली होती, असे चौकशीत आढळले. त्यानंतर २००० पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार इंजिनाने १,४७२ दिवस काम केले किंवा १५ वर्षे झाली, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा बॉयलर पूर्ण उघडून तपासावा लागतो. स्वतःच्या बंदिस्त आवारातच प्रवासी गाडी चालवणाऱ्यांना हे नियम लागू नाहीत. परंतु आपल्या आवारापुरती गाडी चालवणाऱ्या संग्रहालयांनीही हीच शिस्त पाळावी, असे माझे ठाम मत आहे, कारण डब्यात बसलेल्या मुलांच्या जिवाची किंमत दोन्हीकडे सारखीच आहे.

रुळांचे कामही असते: थंडीत गोठून फुगलेली जमीन उन्हाने सैल झाली की रूळ जागोजागी वर-खाली होतात, तेव्हा कुजके स्लीपर बदलून खाली खडी ठासावी लागते. वडिलांना या कामाला लावू नका. ते पाठीवर येते. तसेच जुना रंग खरवडणे आणि बॉयलरचे जुने आवरण सोडवणे ही कामे त्यांना करू देऊ नका. जुन्या रंगात शिसे आणि जुन्या आवरणात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, आणि ते हाताळणे प्रशिक्षितांचे काम आहे.

भाषेची काळजी नको. पाना, व्हॉल्व्ह, ट्यूब, प्लग, इंजेक्टर हे शब्द ते उभी नोकरी वापरत आले आहेत, आणि पाना सोडला तर इथेही हेच शब्द चालतात. पहिल्या दिवशी तुम्ही सोबत थांबा आणि दुपारनंतर बाजूला व्हा. आधी स्वयंसेवकांच्या प्रमुखांना पत्र लिहून, वडिलांनी कोणत्या गेजच्या इंजिनांवर किती वर्षे कोणते काम केले ते स्पष्ट कळवा. कुर्डुवाडीच्या नॅरोगेजचा, म्हणजे अरुंद रुळांवरच्या छोट्या इंजिनांचा, अनुभव कमी लेखून मोघम लिहू नका, कारण बॉयलर लहान असला तरी स्टेबोल्ट तसाच असतो. जाड तळव्याचे बूट आणि सुती कपडे घालून पाठवा. नायलॉनचे जॅकेट ठिणगीने वितळून अंगाला चिकटते.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका आहे. यंत्रांतले काही कळत नाही, पण आमच्या गावच्या छोट्या रेल्वे संग्रहालयात मदत करावीशी वाटते. काय करता येईल?
— एक वाचक, ओहायो

उत्तर: डबे उघडण्याच्या कामापासून सुरुवात करा. हिवाळ्यात उंदीर आसनांच्या भरावात घरटी करतात, आणि ते एप्रिलमध्ये सापडले तर एका आसनाचे नुकसान होते, जूनमध्ये सापडले तर अख्ख्या रांगेचे. हातमोजे आणि मास्क घालून प्रत्येक आसन उचलून पाहणे, वेताची वीण कुठे सुटली ते नोंदवणे, खिडक्यांच्या चामड्याच्या पट्ट्या ओढून पाहणे, ही कामे चिकाटीची आहेत आणि तरुण स्वयंसेवक ती टाळतात. त्यानंतर माहितीफलक वाचा. तुमची खरी गरज तिथे आहे. बरेच फलक यंत्राचे वजन आणि अश्वशक्ती सांगतात, पण या डब्यातून कोण, कुठे, कशासाठी जात असे ते सांगत नाहीत. गावातील वृद्धांशी बोलून, त्यांच्या परवानगीने, प्रत्येक डब्यासाठी चार वाक्ये लिहून द्या आणि हंगामाच्या पहिल्या शनिवारी तो डबा दाखवायला स्वतः उभ्या राहा.