दाराच्या खाली पुन्हा फोड आले, आता स्वतःच करू का?

प्रश्न : नमस्कार दादा, मी इंदूरचा, आमच्याकडे वडिलांची जुनी टाटा ४०७, म्हणजे छोटा ट्रक आहे, अजून रोज चोइथराम मंडीला कांदा-बटाटा घेऊन जाते. मागच्या दिवाळीला डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं, गाडी नव्यासारखी दिसत होती, पण या पावसात दोन्ही दारांच्या खाली आणि पायदानाजवळ रंगाला फोड आलेत, नखाने दाबलं की आत पोकळ लागतं. आता परत पैसे घालवायची इच्छा नाही, भावाकडे कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन आहे, आम्ही दोघं मिळून केलं तर जमेल का? आणि पीयू (पॉलियुरेथेन रंग) मारावा की साधा इनॅमल?

उत्तर : जमेल, नक्की जमेल, पण रंगाचा विचार आत्ता बाजूला ठेवा. तुमच्या पेंटरने गंजावरच पुट्टी भरली असणार. पुट्टी पाणी पिते, मागून पत्रा ओला राहिला की ती सुटते आणि वर फोड दिसतो. म्हणजे रोग आतून आहे, बाहेरून कितीही लिंपलं तरी पुढच्या पावसात तेच होणार.

आधी दाराचं आतलं कव्हर काढा आणि टॉर्च मारून खाली बघा. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती माती नाहीतर जुन्या पुट्टीने बुजलेली असतात. मागे एका गाडीचं दार मी उघडलं तर आतून दीड वाटी ओली माती निघाली, कांद्याची सालं सुद्धा होती त्यात! ही भोकं मोकळी करा, काचेचं रबर कडक झालं असेल तर बदला, पाणी तिथूनच उतरतं.

मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पत्रा टोचत जा. टणक आवाज आला तर पत्रा शाबूत आहे, टोक आत गेलं तर तेवढा भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा आणि नवा तुकडा लावायचा. हे वेल्डिंग मात्र ट्रान्सपोर्ट नगरातल्या सीओटू वाल्याकडून (तारेच्या इलेक्ट्रिक वेल्डिंगवाल्याकडून) करून घ्या, गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा तापून वाकतो, मग तो सरळ करायला डबल पुट्टी लागते. त्याआधी बॅटरीची वायर काढून ठेवा, सीट आणि रबर बाजूला करा, डिझेलची टाकी कुठे आहे ते बघून घ्या, पाण्याची बादली जवळ पाहिजेच.

उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका, पावसाळी हवेत सकाळपर्यंत त्याच्यावर तांबूस थर येतो. ज्या दिवशी घासाल त्याच दिवशी थिनरने पुसून इपॉक्सी प्रायमर, म्हणजे गंज रोखणारा पहिला थर मारा. पुट्टी त्याच्यावर, आणि २-३ मिलिमीटरपेक्षा जाड नको, खड्डा खोल असेल तर आधी पत्रा ठोकून वर काढा. पुट्टी घट्ट व्हावी म्हणून त्यात मिसळायचा हार्डनर शेकडा २ च्या आसपास, म्हणजे लिंबाएवढ्या गोळ्याला मोठ्या शेंगदाण्याएवढा. लवकर सुकावी म्हणून जास्त घालतात लोक, पण मग रंगातून डाग वर येतो. पुट्टी सँडपेपरने कोरडीच घासा, आधी ८० नंबर, मग १८०, शेवटी ३२०. पाणी लावून घासलेली पुट्टी ते पाणी पोटात ठेवते आणि तुमची सगळी मेहनत वाया जाते.

आता पीयूचं. याचा हार्डनर आयसोसायनेट असतो, उडवताना फुफ्फुसात गेला तर कायमचा दमा लागू शकतो, तोंडाला रुमाल बांधून काहीच होत नाही, म्हणून घराच्या अंगणात पीयू मारू नका, हे मी हात जोडून सांगतो. पीयूच पाहिजे असेल तर घासणं, पुट्टी, प्रायमर तुम्ही दोघं करा आणि शेवटचा हात बूथवाल्या (रंग मारायची बंद खोली असलेल्या) पेंटरकडून मारून घ्या, खर्चाचा मोठा भाग असाही वाचतो. स्वतःच मारायचं तर सिंथेटिक इनॅमल घ्या, मास्क त्यालाही लागतो पण तो कार्ट्रिजवाला चालतो. चूक झाली तर सुकल्यावर घासून परत मारता येतो. गन पत्र्यापासून वीतभर लांब धरा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढू द्या, एकदम जाड कोट मारला की ओघळ येतात. एक लक्षात ठेवा, ताज्या इनॅमलवर पीयू मारला तर खालचा रंग सुरकुततो.

आणि घाई करू नका. पाऊस संपू द्या, नवरात्रानंतर हवा कोरडी झाली की सुरुवात करा. सकाळी दव असतं, दुपारी पत्रा तापतो, तेव्हा ऊन तिरपं झाल्यावर सावलीत मारा. रंग सुकला की दाराच्या आतून वॅक्सवाला अँटी-रस्ट स्प्रे मारा, फक्त ती भोकं परत बुजू देऊ नका.

प्रश्न : त्याच निमित्ताने पिवळी गाडी निळी केली तर चालेल?

उत्तर : आरसीवर रंग लिहिलेला असतो, त्यामुळे आधी आरटीओत विचारा आणि नोंद बदलून घ्या, नाहीतर रस्त्यात चेकिंगला अडकाल. रिफ्लेक्टर टेप निघाली असेल तर नवी लावा, पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल.