उच्चार की उच्चारण?

प्रश्न : ‘उच्चार’ आणि ‘उच्चारण’ यांत फरक आहे का? ‘तिचे उच्चारण स्पष्ट आहे’ हे वाक्य बरोबर आहे का?

उत्तर : व्याकरणाने अडत नाही, पण वळण हिंदीचे आहे. मराठीत ‘तिचे उच्चार स्पष्ट आहेत’ असेच म्हणावे.

दोन्ही शब्द ‘उद् + चर्’ यांतून आलेले. पुढच्या ‘च’मुळे ‘द्’चा ‘च्’ होतो, म्हणून ‘उचार’ हे लेखन चूक. (संस्कृतात ‘उच्चार’चा ‘मल’ असाही अर्थ आहे, जुने ग्रंथ वाचताना दचकू नये.) ‘लेख’ आणि ‘लेखन’ यांत जे नाते, साधारण तेच इथे. उच्चार कानावर पडतो, उच्चारण तोंडात घडते. ‘उच्चार करणे’ म्हणताना पहिला शब्द क्रियेचेही काम करतो, त्यामुळे रोजच्या बोलण्यात दुसऱ्यावाचून अडत नाही. शिवाय ‘त्याने पैशांचा उच्चारही केला नाही’ इथे अर्थ ‘उल्लेख’ असा आहे; तिथे ‘उच्चारण’ बसतच नाही. ‘पुनरुच्चार’चेही तेच.

‘उच्चारण’ खरे कामी येते ते ध्वनी कसा तयार होतो हे सांगताना. त्यात तीन गोष्टी पाहायच्या : हवा कुठे अडते (स्थान), कोणता अवयव अडवतो (करण) आणि कशी अडवतो (प्रयत्न). ‘जरा थांब’ मधला ‘ज’ आणि म्हातारपण या अर्थाच्या ‘जरा’ मधला ‘ज’ म्हणून पाहा. लेखन एकच. पहिल्यात जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकते आणि हवा घासत सुटते. दुसऱ्यात जिभेचा पुढचा सपाट भाग टाळूला लागतो. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतही हाच फरक ऐकू येतो, कारण ‘ई’ साठी जीभ आधीच टाळूकडे उचललेली असते. दंततालव्य ‘च’ (पहिल्या ‘ज’सारखा, दातांच्या मुळाशी होणारा) जमत नसेल तर ‘त’ आणि ‘स’ एका दमात, मध्ये न थांबता म्हणावे. ‘चोर’ मधला ‘च’ त्याच्या अगदी जवळ आहे.

प्रश्न : ‘ळ’ मूर्धन्य आहे, म्हणजे जिभेचे टोक मागे वळवून टाळूपाशी होतो, हे ठाऊक असूनही ‘काळा’चे ‘काला’ होते. उपाय?

उत्तर : स्थान पाठ असले तरी जिभेचे टोक दातांमागेच राहते, म्हणून ‘ल’ निघतो. ‘अडा’ म्हणा आणि ‘ड’वर थांबा. टोक मागे वळून टाळूला टेकलेले जाणवेल. आता तिथूनच, दाब न देता, टोक पुढे झटकून ‘अळा’ म्हणा. दाब राहिला की ‘ड’ ऐकू येतो, टोक वळलेच नाही तर ‘ल’. मराठी शब्दाच्या सुरुवातीला ‘ळ’ येत नाही, तेव्हा सुटा ‘ळ’ घोकण्यापेक्षा ‘अळा, इळी, उळू’ असा दोन स्वरांमध्ये धरून सराव करावा. ‘बाळ’, ‘फळ’ असे ‘ळ’ने संपणारे शब्द त्यानंतर घ्यावेत, कारण तिथे पुढे झटकायला स्वराचा आधार नसतो.