वाटी आधी पाण्यानं मोजा

रेसिपीत २५० ग्रॅम कणिक लिहिलेली असते. घरी काटा नाही. किती वाट्या घेऊ? (दारव्ह्याहून एक ताई)

ताई, वाटी कोणती? माझ्याच घरात तीन आहेत आणि तिन्ही वेगळ्या. पाण्यानं भरलेली लिटरची बाटली घ्या, वाटीवाटीनं मोजत गंजात ओता. साडेसहा वाट्या झाल्या तर तुमची वाटी साधारण १५० मिलीची. पाणी जितके मिली तितकेच ग्रॅम. बाकी जिनसांचं तसं नाही. एवढ्या वाटीत चाळलेली कणिक ७५ ते ८० ग्रॅमच बसते, तांदूळ नि तूरडाळ १२० च्या आसपास, साखर १२५ ते १३०. म्हणजे तुमच्या कणकेला सव्वातीन वाट्या. वाटी डब्यात खुपसून दाबून भरली तर मात्र त्याच वाटीत ९५-१०० ग्रॅम येते, गोळा घट्ट होतो आणि दोष गव्हाला लागतो. चमच्यानं हलकी भरा, वरून सुरी फिरवा.

रोडग्याच्या जाड्या पिठालाही हाच हिशेब का? (अचलपूर)

नाही. रवाळ पीठ दाट बसतं. त्याच वाटीत रवा १०५ ग्रॅमच्या वर जातो. रोडग्याचं पीठ या दोहोंच्या मधात, चक्कीवाल्यानं किती जाडं काढलं त्यावर. खरं सांगू, रोडग्याला मी मोजतच नाही. मोहन चोळून मूठ आवळायची, मुटका टिकला की झालं.

तेरवीसाठी आचाऱ्यानं १५ किलो तेल लिहून दिलं, दुकानातून १५ लिटरचा पिपा आला. एकच ना? (लाखनीहून एक दादा)

एकच नाही, दादा. तेल पाण्याहून हलकं. लिटरभर तेल भरतं ९१० ग्रॅमच्या आसपास. १५ लिटरचे झाले साडेतेरा किलोच्या थोडे वर. तुम्हाला अजून दीड लिटर लागेल. बाजारात १५ किलोचा आणि १५ लिटरचा, असे दोन्ही पिपे मिळतात. आधी पिपा वाचा, मग भाव करा.

लोणच्याला वाटीभर जाडं मीठ सांगितलंय, घरी बारीक आहे.

पाऊण वाटीच घाला. बारीक मीठ फटी न ठेवता बसतं.

आजी पुरणाला 'पायलीभर डाळ' म्हणते. किलोत किती?

पायली म्हणजे चार शेर, पण हा शेर मापाचा. वजनाचा शेर निराळा, ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम. इथंच घोळ होतो. चार गुणिले ९३३ करून डाळ आणू नका. १९५६ च्या कायद्यानं किलो आला, तरी पायली घरोघरी राहिली, आणि गावागावचं माप वेगळं. त्यात आजी शीग लावते की सपाट भरते, हाही प्रश्न आहेच. तेव्हा डाळ आजीलाच भरू द्या, ती किराणावाल्याच्या काट्यावर तोलून आणा आणि आकडा पायलीच्या बुडाशी खिळ्यानं कोरून ठेवा. रिकाम्या पायलीचं वजन तेवढं वजा करा.